डोळा लाल होतो, निवळतो, पुन्हा लाल होतो: चूक नेमकी कुठे होते?

डोळा लाल झाला, थेंब टाकले, आठवड्याभरात निवळला. महिना-दीड महिना बरा गेला आणि एका सकाळी पुन्हा तोच डोळा, तीच लाली, तोच ठणका. असं दोन-तीनदा झालं की माणूस म्हणतो, "माझे डोळे सारखे येतात." मीही तसंच म्हणत होते. पण ते डोळे येणं नव्हतंच. डोळ्याच्या आतल्या भागाला दाह झाला होता. डॉक्टर त्याला युव्हिआयटिस म्हणतात, आणि तो पुढच्या भागापुरता असला तर आयरायटिस. पहिले तीन झटके मी डोळे आल्याचे समजून काढले. चौथ्या वेळी बाहुली मोठी करायचे थेंब टाकल्यावर डॉक्टरांनी स्क्रीनवर माझ्या डोळ्याचा फोटो दाखवला. बाहुली गोल उघडायला हवी होती. ती उघडली ती कडेला दोन खाचा पडलेली, वेडीवाकडी. बुबुळातल्या रंगीत चकतीची आतली कड मागच्या भिंगाला दोन ठिकाणी चिकटून बसली होती. त्या खाचा आजही तशाच आहेत.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हापासून मी जे शिकले त्याचा गाभा एका प्रश्नात मावतो: आजार गेला होता आणि परत आला, की तो गेलाच नव्हता, फक्त दिसेनासा झाला होता? दोन्हींत डोळा सारखाच लाल दिसतो, पण पुढची वाट वेगळी असते. पहिल्यात शरीरात कारण शोधायचं असतं. दुसऱ्यात आधीचा उपचार कुठे तोकडा पडला ते शोधायचं असतं. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांसमोर बसण्याआधी आपल्याला काय तपासता येतं, काय लिहून नेता येतं आणि काय मुळीच करू नये, तेवढं इथे सांगते.

आधी ओळख पटवा

डोळे आले असतील तर सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, चिपडं येतात, खाज किंवा वाळू गेल्यासारखी कचकच असते. लाली पापणीच्या आतल्या बाजूला आणि डोळ्याच्या कोपऱ्यांकडे जास्त. धूसर दिसलं तरी दोनदा पापण्या मिटल्या-उघडल्या की स्वच्छ होतं. बहुतेकदा एका डोळ्यातून दुसऱ्यात जातं आणि घरातल्या आणखी कुणाला तरी होतं.

आयरायटिसमध्ये यातलं जवळजवळ काहीच नसतं. पाणी येतं, पण चिपडं नाहीत. खाज नाही. दुखणं वर-वरचं नसून आत खोल असतं, भुवईपर्यंत ठणकतं. आरशात नीट पाहिलं तर लाली बुबुळाच्या अगदी कडेने असते, जांभळट झाक असलेलं कडं पडल्यासारखी, आणि कोपऱ्याकडे जावं तशी फिकी होत जाते. दुखऱ्या डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा लहान दिसू शकते. आणि उजेड! खिडकीचा पडदा सरकवला तरी डोळा गच्च मिटून घ्यावासा वाटतो. मोबाइल जवळ धरून वाचायला गेलं की ठणका वाढतो, कारण जवळचं पाहताना आत जो स्नायू आवळला जातो तोच सुजलेला असतो.

घरी करून पाहण्यासारखी एक खूण आहे. दुखरा डोळा तळहाताने पूर्ण झाका, दाबू नका. मग दुसऱ्या, चांगल्या डोळ्यावर टॉर्चचा उजेड पाडा. झाकलेल्या डोळ्यात कळ आली तर दाह आत असण्याची शंका बळावते. दोन्ही बाहुल्या एकमेकींशी जोडलेल्या असतात. एका डोळ्यात उजेड गेला की दोन्ही आकसतात, आणि आकसताना सुजलेली चकती ओढली जाते. मला ही खूण आधी माहीत असती तर तीन झटके वाया गेले नसते. पण कळ आली नाही म्हणून युव्हिआयटिस नाही, असा उलटा निष्कर्ष काढू नका.

आता जी सोंगं याहून घातक आहेत ती. प्रचंड वेदना, उलटी किंवा मळमळ, दिव्यांभोवती रंगीत वलयं, धुरकट दिसणं आणि मोठी होऊन थिजलेली बाहुली, हे अचानक चढलेल्या दाबाचं, म्हणजे तीव्र काचबिंदूचं लक्षण असतं. तिथे तास मोजावे लागतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याच्या किंवा डोळ्याला गवताचं पातं, काडी, माती लागलेल्या माणसाच्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर ती जखम आहे, आणि बुरशीच्या जखमेवर स्टेरॉइडचे थेंब पडले तर ती झपाट्याने खोल जाते. मध्यरात्री झोपेतून उठवणारी, पोखरल्यासारखी वेदना आणि डोळ्याला हात लावू न देणारा दुखरेपणा असेल तर दाह पांढऱ्या भागात, स्क्लेरात, असू शकतो. त्याला थेंब सहसा पुरत नाहीत. कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर नागिणीचे फोड आले असतील तर डोळा लाल नसला तरी दाखवायला हवा. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा डोळ्यात इंजेक्शन झाल्यानंतरच्या दिवसांत डोळा दुखायला, लाल व्हायला लागला तर हा लेख बाजूला ठेवा आणि जिथे ते झालं तिथे तत्काळ जा.

काही युव्हिआयटिसमध्ये डोळा लालच होत नाही. दाह मधल्या किंवा मागच्या भागात असला तर नजरेसमोर काळे ठिपके, जाळी, धुकं, रेषा वाकड्या दिसणं एवढंच असतं. सगळ्यात फसवा प्रकार लहान मुलांचा. संधिवात असलेल्या काही मुलांच्या डोळ्यांत, विशेषतः थोडेच सांधे सुजलेल्या लहान मुलींच्या डोळ्यांत, दाह महिनोन्‌महिने चालू असतो. डोळा पांढराशुभ्र, मूल खेळतंय, कुणाची काही तक्रार नाही. म्हणून ज्यांना धोका जास्त त्यांची तपासणी साधारण दर तीन महिन्यांनी करायची असते, लक्षणांची वाट पाहायची नसते. ज्या आईवडिलांना मुलाच्या संधिवाताचं निदान मिळालंय पण डोळ्यांबद्दल कुणी काही बोललेलं नाही, त्यांनी स्वतःहून विचारावं. हे मी फार कळकळीने सांगतेय.

पांढरा झालेला डोळा बरा झालेला असतोच असं नाही

इथे सगळ्यांचा पाय घसरतो, म्हणून थोडं थांबते.

बंद खोलीत फटीतून कवडसा आला की त्यात धूलिकण तरंगताना दिसतात. एरवी हवा स्वच्छच वाटते. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातही असंच असतं. तिथलं पाणी नितळ असतं. दाह झाला की सुजलेल्या रक्तवाहिन्यांतून प्रथिनं आणि पांढऱ्या पेशी त्यात पाझरतात. स्लिट लॅम्पवर हनुवटी टेकवून आपण बसतो तेव्हा डॉक्टर उजेडाची बारीक पट्टी या पाण्यातून आरपार नेतात आणि त्या कवडशात तरंगणाऱ्या पेशी मोजतात. अक्षरशः मोजतात. एक मिलिमीटर लांब, एक मिलिमीटर रुंद उजेडात एकही पेशी नसेल तर शून्य, १ ते ५ असतील तर अर्धा, ६ ते १५ म्हणजे १+, १६ ते २५ म्हणजे २+, २६ ते ५० म्हणजे ३+, त्याहून जास्त ४+. ही मोजणी जगभर एकसारखी व्हावी म्हणून तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २००५ मध्ये ठरवून दिली.

आता गंमत नव्हे, धोका बघा. थेंब सुरू केले की लाली आणि ठणका चार-पाच दिवसांत उतरतात. पेशी उतरायला आठवडे लागतात. आरशात डोळा पांढरा दिसतो त्या दिवशी आत अजून २+ असू शकतं. माणूस थेंब बंद करतो, दाह पुन्हा उसळतो, आणि आपण म्हणतो 'परत आला'.

मी नेमकं हेच केलं होतं. नवव्या दिवशी डोळा साफ दिसला, म्हणून बाटली ठेवून दिली. विसाव्या दिवशी सकाळी डोळा उघडवेना. तपासणीत ३+ निघालं. डॉक्टर म्हणाल्या, "हा नवा झटका नाही. जुनाच आहे, तुम्ही मधेच सोडलेला."

त्या २००५ च्या गटाने याचीही रेघ आखली आहे. उपचार पूर्ण थांबल्यावर किमान तीन महिने डोळा शांत राहिला आणि मग दाह झाला, तर तो पुन्हा उद्भवलेला. उपचार थांबल्यापासून तीन महिन्यांच्या आत उसळला, तर तो आजार गेलेलाच नाही, रेंगाळलेला आहे. म्हणून पहिली सवय ही लावून घ्या: शेवटचा थेंब कोणत्या तारखेला टाकला ते लिहून ठेवा. डोळा लाल कधी झाला ते लक्षात राहतं. थेंब कधी संपले ते कुणालाच आठवत नाही, आणि उत्तर नेमकं तिथेच असतं.

तीन महिन्यांच्या आत उसळला असेल तर

आधी थेंब उतरवण्याचं वेळापत्रक पाहा. पुढच्या भागाच्या दाहावर मुख्य औषध स्टेरॉइडचे थेंब, बहुतेकदा प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट १ टक्का. सुरुवात जोरात करायची आणि उतरताना पायरी-पायरीने उतरायचं, अशी त्याची रीत. मला पुढच्या खेपेला मिळालेलं वेळापत्रक असं होतं: पहिला आठवडा जागेपणी दर तासाला, दुसरा दर दोन तासांनी, मग दिवसाला सहा, चार, तीन, दोन, एक, प्रत्येक पायरीवर एक-एक आठवडा. म्हणजे सात आठवडे. ते तसंच उचलू नका, तुमचं तुमच्या डॉक्टरांनी पेशी मोजून ठरवायचं आहे. पण दिवसातून तीनदा, पाच दिवस, मग बंद, असं काही मिळालं असेल आणि डोळा पुन्हा उसळला असेल, तर कारण बहुधा तिथेच आहे. प्रत्येक पायरी उतरण्याआधी तपासणी झाली होती का, हेही विचारा. आत अजून पेशी असताना पायरी उतरली की दाहाला तेवढी फट पुरते.

दुसरं, बाटली. ही गोष्ट इतकी साधी आहे की कुणी सांगतच नाही. प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट पाण्यात विरघळत नाही, त्याचे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. बाटली रात्रभर उभी राहिली की कण तळाशी बसतात. माझी बाटली मी एकदा दिव्यासमोर धरून पाहिली तर खाली पांढरा साका आणि वर जवळजवळ नितळ पाणी. न हलवता थेंब टाकला की डोळ्यात औषध फारच थोडं जातं, आणि बाटली संपत येते तेव्हा एकदम दाट. प्रत्येक वेळी नीट खळखळून हलवायची. सगळेच थेंब असे नसतात. काही पूर्ण विरघळलेले असतात, डिफ्लुप्रेडनेटसारखे काही हलवावे लागत नाहीत. आपल्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा.

थेंब टाकण्याची पद्धतही पाहा. खालची पापणी ओढून तयार झालेल्या खिशात एकच थेंब. डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही, दुसरा गालावर येतो. मग डोळा हलकेच मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकात न उतरता डोळ्यात थांबतं. दोन वेगवेगळे थेंब असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. कॉन्टॅक्ट लेन्स या काळात मुळीच नको.

तिसरं, बाहुली मोठी करणारे थेंब. अ‍ॅट्रोपिन, होमॅट्रोपिन, सायक्लोपेंटोलेट यांपैकी काहीतरी मिळालेलं असतं. यांनी धूसर दिसतं, वाचता येत नाही, उन्हात डोळे दिपतात, म्हणून लोक हेच आधी सोडतात. मीही सोडले होते, आणि माझ्या त्या दोन खाचांतली एक तरी त्यामुळेच सुटायची राहिली असावी. हे थेंब दोन कामं करतात. आवळलेल्या स्नायूला विसावा देतात, म्हणून ठणका थांबतो. आणि चकती हलती ठेवतात, म्हणून ती भिंगाला चिकटत नाही. चिकटलेली चकती सुरुवातीच्या दिवसांत सुटू शकते, जुनी झाली की बहुधा सुटत नाही. पूर्ण कडेने चिकटली तर आतलं पाणी अडतं आणि दाब चढतो. अ‍ॅट्रोपिनचा परिणाम आठवडाभर, कधी त्याहून जास्त राहतो, तेव्हा थेंब बंद झाल्यावरही धूसर दिसलं तर घाबरू नका. मुलांच्या बाबतीत मात्र मोजून टाका. चेहरा लालबुंद, तोंड कोरडं, अंग तापलेलं किंवा मूल बडबडायला लागलं तर थेंब थांबवून लगेच दवाखाना.

सगळं बरोबर करूनही उसळत असेल तर निदान पुन्हा तपासायला लागतं. हर्पिसच्या विषाणूमुळे होणारा युव्हिआयटिस बहुधा दरवेळी त्याच डोळ्यात येतो, त्यात अनेकदा डोळ्याचा दाब चढलेला असतो, चकतीचा एखादा भाग विरळ झालेला दिसतो. तिथे स्टेरॉइडच्या जोडीला विषाणूवरचं औषध लागतं. ते नसेल तर थेंब कितीही टाका. आणि वय जास्त असेल, डोळ्याच्या मागच्या भागात पेशी असतील आणि स्टेरॉइडला नीट दाद मिळत नसेल, तर डॉक्टर लिम्फोमासारखा, दाहाचं सोंग घेऊन आलेला कर्करोग नाही ना, तेही पाहतात.

स्टेरॉइडची भीती आणि स्टेरॉइडचा मोह

भीती आधी घेते. लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना, १८१२ मध्ये, वडिलांच्या कार्यशाळेत टोच्याने त्याच्या एका डोळ्याला इजा झाली. पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. एका डोळ्याला आरपार जखम झाल्यावर शरीराची रोगप्रतिकारशक्ती दुसऱ्या, धडधाकट डोळ्यावरही तुटून पडते, असा युव्हिआयटिसचा एक दुर्मीळ प्रकार आहे. ब्रेलच्या बाबतीत तेच झालं असावं असं मानलं जातं. तेव्हा दाह थोपवायला हाताशी काहीच नव्हतं. डोळ्यांसाठी स्टेरॉइड वापरात आलं ते १९५० च्या सुमारास. त्याच्या नुसत्या नावाला घाबरून अर्धवट डोस टाकणाऱ्यांनी हे आठवावं. दाह तसाच राहिला तर मोतीबिंदू, काचबिंदू, डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मध्यभागी सूज, सगळं तोच करतो.

आता मोह. घरात मागच्या खेपेची अर्धी बाटली असते. डोळा लाल झाला की ती काढायची आणि टाकायची. किंवा औषधाच्या दुकानात 'डोळे आलेत' सांगून अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले थेंब आणायचे. पहिल्या दिवशी असं बरं वाटतं की शंकाच उरत नाही. पण लालीचं कारण हर्पिसचा व्रण किंवा बुरशी असेल तर त्याच थेंबाने बुबुळ पांढरं पडू शकतं. आयरायटिसच असेल तरी डॉक्टरांकडे पोचेपर्यंत खुणा अर्धवट पुसलेल्या असतात आणि निदान अडतं. शिवाय उघडलेली बाटली महिन्याभरानंतर टाकून द्यायची असते.

दुसरा धोका मुका आहे. डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. काही आठवडे स्टेरॉइडचे थेंब चालले की सुमारे एक-तृतीयांश माणसांत तो थोडाफार चढतो आणि शंभरातल्या चार-सहा जणांत खूपच. दुखत नाही, दिसण्यात फरक कळत नाही, आणि नस आतून झिजत जाते. म्हणून थेंब चालू असेपर्यंत दर तपासणीला दाब मोजला गेला पाहिजे. आकडा विचारून लिहून ठेवा. दाब चढला म्हणून आपल्या मनाने थेंब बंद करू नका, त्यावर दाब उतरवणारं औषध देतात किंवा स्टेरॉइड बदलतात. तो निर्णय डॉक्टरांचा.

तीन महिन्यांनंतर, खरोखरच परत आला असेल तर

आता डोळा सोडून शरीराकडे वळायचं. अचानक येणारा, एका वेळी एकाच डोळ्याला, कधी उजव्या तर कधी डाव्या डोळ्याला होणारा पुढचा युव्हिआयटिस असेल, तर जवळपास निम्म्या रुग्णांत एचएलए-बी२७ हा वारशाने आलेला जनुक सापडतो. हा जनुक म्हणजे आजार नव्हे. तो असलेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यात काहीच होत नाही. पण याच जनुकाशी मणक्याचा एक संधिवात बांधलेला आहे.

माझी कंबर कित्येक वर्षं आखडत होती. खुर्चीला दोष दिला, गादी बदलली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कंबरेबद्दल कोण बोलतं? त्यांनीच विचारलं, "पहाटे कंबरेने जाग येते का? उठून चाललं की बरं वाटतं का?" मी बघतच राहिले. दोन्हींचं उत्तर हो होतं. साध्या कंबरदुखीत विश्रांतीने आराम पडतो. दाहाच्या कंबरदुखीत विश्रांतीने दुखणं वाढतं, हालचालीने सैल होतं. रात्रीच्या उत्तरार्धात ठणकतं, सकाळचा ताठरपणा अर्धा तासाहून जास्त टिकतो आणि सुरुवात बहुधा पंचेचाळिशीच्या आत झालेली असते. त्या दोन प्रश्नांवरून मी संधिवाततज्ज्ञांकडे गेले आणि कंबरेचं निदान डोळ्यामुळे झालं.

असंच इतरही खणून पाहा, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा: तोंडात किंवा जननेंद्रियावर वारंवार येणारे व्रण, सोरायसिस, महिनोन्‌महिने चालणारे जुलाब किंवा शौचातून रक्त, रेंगाळणारा खोकला, वजन घटणं, कानात आवाज किंवा ऐकू कमी येणं, पापण्यांचे केस पांढरे होणं. औषधांची यादीही न्या. हाडांच्या ठिसूळपणावरची अ‍ॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक अ‍ॅसिडसारखी औषधं, क्षयरोगावरचं रिफाब्युटिन, कर्करोगावरची काही इम्युनोथेरपी यांनी डोळ्यात दाह होऊ शकतो.

तपासण्यांची भलीमोठी यादी करून घेतली की कारण सापडतंच असं नाही. पहिलाच, सौम्य, एका डोळ्याचा झटका असेल तर बऱ्याचदा फार तपासण्या लागत नाहीत. झटके परत येत असतील, दोन्ही डोळ्यांत असतील किंवा दाह मागे पसरला असेल तर लागतात. क्षयरोग आणि सिफिलिस या दोन तपासण्यांना मात्र लाजू नका आणि टाळू नका. दोन्ही कोणत्याही प्रकारच्या युव्हिआयटिसचं रूप घेऊ शकतात, दोन्ही औषधांनी बरे होतात, आणि ओळखू आले नाहीत तर नुसत्या स्टेरॉइडने बळावतात. सगळं करूनही कित्येकांत कारण मिळत नाही. उपचार तरीही होतो.

वर्षातून तीन-चारदा झटके येत असतील, थेंब सोडताच उसळत असेल किंवा दाह पडद्यापर्यंत गेला असेल, तर पुढची पायरी विचारून घ्या. वर्षानुवर्षं स्टेरॉइडवर ढकलत नेणं हा उपचार नाही. मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेटसारखी रोगप्रतिकारशक्ती आवरणारी औषधं आहेत. अ‍ॅडालिमुमॅब हे इंजेक्शन २०१६ मध्ये संसर्गाशिवायच्या मधल्या, मागच्या आणि डोळ्याच्या सगळ्या भागांत पसरलेल्या युव्हिआयटिससाठी मंजूर झालं. ते सुरू करण्याआधी दडलेला क्षय तपासावाच लागतो. यावर मी जास्त लिहीत नाही, ते तज्ज्ञांचं क्षेत्र आहे. फक्त एक गोष्ट: मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा, घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा. आणि गर्भधारणेचा विचार असेल तर आधी बोला.

मधल्या शांत काळात

धूम्रपान असेल तर सोडायला हे कारण पुरेसं आहे. युव्हिआयटिस आणि त्यातली पडद्याची सूज धूम्रपान करणाऱ्यांत जास्त दिसते. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरत असेल तर डोळा किमान तीन महिने पूर्ण शांत असायला हवा, म्हणून घाई करू नका.

मी मोबाइलमध्ये एक नोंद ठेवते. झटका सुरू झाल्याची तारीख, कोणता डोळा, पहिल्या तपासणीतल्या पेशींचा आकडा, दर वेळचा दाब, आणि शेवटच्या थेंबाची तारीख. पाच रकाने. नव्या डॉक्टरांकडे जावं लागलं तेव्हा त्यांनी जुने कागद बाजूला ठेवले आणि ती नोंदच दोनदा वाचली.

पुढचा झटका ओळखायला आता मला आरसाही लागत नाही. लाली दिसायच्या आदल्या दिवशी दिव्याकडे पाहताना डोळ्यात बारीक कळ येते. त्याच दिवशी निघायचं असतं, कारण १+ ला पकडलेला झटका आणि ४+ ला पकडलेला झटका यांत आठवड्यांचा आणि कधी कधी दृष्टीचा फरक पडतो. तपासणीची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळत असेल तर फोनवर 'डोळा लाल आहे' एवढंच सांगू नका. त्याने तुम्ही डोळे आलेल्यांच्या रांगेत जाता. असं सांगा: "मला आधी युव्हिआयटिस झालेला आहे, शेवटचा थेंब अमुक तारखेला टाकला होता, उजेड सहन होत नाही आणि डोळा आत दुखतोय. मला आजच दाखवायचं आहे."